बहिणाबाईंच्या दोऱ्या कोणी सोडल्या?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माउलींची पालखी नातेपुत्याच्या मुक्कामी होती. दिवसभर पावसाची भुरभुर चालू होती, राहुट्यांत चिखल झाला होता, आणि दिंडीच्या मंडळींनी आग्रह केला म्हणून जेवणाआधी मी तासभर प्रवचनाला बसलो. विषय घेतला संत बहिणाबाईंचा. शिऊरच्या बहिणाबाई, खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत. एवढा खुलासा मी नेहमी करतो, कारण घोटाळा नेहमी होतो.

तोवर वीस-बावीस वर्षे मी बहिणाबाईंचे चरित्र एकाच अंगाने सांगत आलो होतो. नवऱ्याने छळले, मारले, बांधून घातले. पण या माउलीने तोंडातून ब्र काढला नाही, पतिसेवा सोडली नाही, शेवटी त्याच पतीचे मन पालटले. सोशिकतेचा दृष्टांत म्हणून हे चरित्र हाताशी असायचे. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचे, पुरुष माना डोलवायचे. त्या संध्याकाळीही तसेच झाले.

पंगत उठल्यावर एक बाई राहुटीच्या दाराशी येऊन उभी राहिली. वय चाळिशीच्या आतबाहेर. उजवा हात पदराखाली होता. पाया पडली तीही डाव्या हाताने. म्हणाली, "म्हाराज, एक इचारू का? त्या बहिणाबाईला बांधून घातलं व्हतं म्हनलात. मग सोडलं कुनी?"

मी म्हटले, "देवानं, माउली. अजून कोण सोडणार?"

ती जरा वेळ थांबली. "देवानं व्हय," एवढेच म्हणाली आणि गेली.

पुढच्या मुक्कामापर्यंत ते दोन शब्द माझ्या पायात काट्यासारखे रुतले. कारण मला उत्तर ठाऊकच नव्हते. ज्या प्रसंगावर मी शंभरदा बोललो होतो, त्यात पुढे नेमके काय घडले हे मी कधी नीट वाचले नव्हते. वारीहून घरी आल्यावर गाथा काढली आणि आत्मनिवेदनाचे अभंग पहिल्यापासून वाचायला बसलो. त्या वाचनात जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

बहिणाबाईंचा जन्म १६२८ सालचा. गाव देवगाव, वेरूळच्या परिसरातले. आज ते कन्नड तालुक्यात आहे. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी मुलीचे लग्न झाले. नवरा रत्नाकर पाठक, शिऊरचा, वेदपाठी ब्राह्मण, बिजवर, वयाने तिशीचा. त्या काळी हे जगावेगळे नव्हते. जगावेगळे एवढेच की त्या मुलीने पुढे ते लिहून ठेवले. ती नऊ वर्षांची असताना भावबंदकीच्या भांडणातून कुटुंबाला गाव सोडावे लागले. आईवडील, जावई, मुलगी असे सगळेच गोदाकाठाने निघाले. यात्रेकरूंच्या संगतीने चालत, मागून खात, पंढरपूर करून, मजल दरमजल करीत ही मंडळी कोल्हापुरास पोहोचली. तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती. तिथे बहिरंभट नावाच्या एका विद्वान ब्राह्मणाने त्यांना घरात जागा दिली.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. घरदार सुटलेले, परके गाव, दुसऱ्याच्या घरात आसरा, पोट भरण्याची चिंता आणि गळ्यात पडलेला रागीट नवरा. मार खाणाऱ्या बाईला आपण सहज विचारतो, "मग सांगितलं का नाहीस? निघून का नाही आलीस?" अकरा वर्षांच्या बहिणाला निघून जायचे म्हटले तर जायचे कुठे? माहेर तिच्याच बरोबर रस्त्यावर आलेले होते.

बहिरंभटांकडे एक गाय दानात आली होती, वासरासह. ती पुढे रत्नाकरांना मिळाली. त्या वासराला बहिणाचा असा लळा लागला की ते तिच्या हातूनच चारा खाई, तिच्याच मागे मागे फिरे. गावात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालू होती. हे स्वामी पुढे समर्थांच्या पंचायतनात गणले गेले. कीर्तनात ते तुकोबारायांचे अभंग गात. बहिणा कीर्तनाला गेली की वासरू तिच्या मागोमाग. एके दिवशी गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलले. स्वामींच्या कानावर ते गेले. त्यांनी वासराला परत आत आणवले, त्याच्या आणि बहिणाच्या मस्तकावरून हात फिरवला, चार शब्द कौतुकाचे बोलले.

एवढेच घडले. एका मुलीच्या डोक्यावरून एका साधूने चारचौघांत मायेचा हात फिरवला. कोणीतरी जाऊन ते नवऱ्याला सांगितले. रत्नाकर चवताळून आला, तिची वेणी धरून तिला ओढले, मनसोक्त मारले आणि बांधून टाकले.

ही हकीकत बहिणाबाईंनी स्वतः अभंगात सांगितली आहे. दुसऱ्या कोणी भक्तिभावाने रचलेली ही आख्यायिका नाही. संतचरित्रे आपल्याकडे बहुधा महिपतीबाबांसारख्या पुढच्या पिढ्यांतील चरित्रकारांनी लिहिली. जुन्या मराठीत इतक्या तपशिलाने स्वतःचे आयुष्य सांगणारी बाई दुसरी शोधावी लागेल. आणि त्या सांगण्यात तिने नवऱ्याचा राग झाकला नाही, केसही झाकले नाहीत, दोरीही झाकली नाही. मी मात्र बावीस वर्षे सांगत होतो की तिने तोंडातून ब्र काढला नाही! काढला, इतका स्पष्ट काढला की साडेतीनशे वर्षांनी तो आपल्याला ऐकू येतो. ऐकण्यात कसूर माझी होती.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. सोडले कोणी?

पहिल्यांदा वैर घेतले ते गाईने आणि वासराने. दोघांनी चारापाणी तोंडात घेतले नाही. गाय खात नाही म्हटल्यावर बहिरंभटांच्या दारात माणसे जमली. (बांधलेल्या मुलीसाठी जमली नव्हती, गाईसाठी जमली. हे वाचताना मी बराच वेळ पान उलटले नाही.) बातमी जयरामस्वामींपर्यंत गेली आणि स्वामी उठून त्या घरी आले. रत्नाकरांपाशी बसले, त्यांची विनवणी केली, समजावले. ही मुलगी आणि हे वासरू पूर्वजन्मीचे साधक आहेत, योगभ्रष्ट आहेत, यांना त्रास देऊ नका, असे सांगितले. तेव्हा रत्नाकरांनी तिला सोडले.

म्हणजे त्या बाईला द्यायचे खरे उत्तर असे होते: माउली, शेजार जमला, आणि कीर्तनकार उठून घरी गेला.

मी स्वतः कीर्तनकार आहे, म्हणून हे उत्तर मला बोचते. जयरामस्वामींनी निरोप पाठवला नाही. पुढच्या कीर्तनात आडून उपदेश केला नाही. बहिणाला बोलावून घेऊन "बाळ, तुझं काही चुकलं का ते बघ" असे विचारले नाही. ते त्या उंबऱ्याच्या आत गेले आणि जे काही बोलायचे ते मारणाऱ्याशी बोलले. शिवाय आपल्याच कौतुकावरून हा प्रकार घडला, आता आपण पडलो तर आणखी बभ्रा होईल, असा विचार करून अंग काढून घेणे त्यांना किती सोपे होते! आपल्यापैकी किती जण तेच करतात. "नवराबायकोचं भांडण आहे, आपण कशाला मधे पडायचं" हे वाक्य मी माझ्याच तोंडून किती वेळा काढले असेल, त्याचा हिशेब माझ्यापाशी आहे. तो इथे मांडत नाही.

पण जयरामस्वामींचे म्हणणे जसेच्या तसे आज चालेल असेही मला वाटत नाही. त्यांनी रत्नाकरांना दिलेले कारण असे की ही मुलगी असामान्य आहे. त्या घरात, त्या काळात, त्या वेदपाठी माणसाला पटेल असे कारण त्यांनी निवडले असेल. त्याने दोरी सुटली, काम झाले. तरी मनात शंका राहतेच. बहिणा योगभ्रष्ट नसती, साधी, कुठलाही पूर्वजन्म नसलेली, कीर्तनात पेंगणारी पोर असती तर? तिला बांधून घालणे चालले असते? तिच्यासाठी कोण आले असते? गाथेत याचे उत्तर नाही. ते आपल्यालाच द्यायचे आहे.

मी पूर्वी इथून एकदम "आणि मग पतीचे मन पालटले" इथे उडी मारीत असे. गाथा अशी उडी मारू देत नाही. दोरी सुटल्यावर थोड्याच दिवसांत ते वासरू गेले. ज्या एका जिवाने तिच्यावर कसलीही अट न घालता माया केली, तेच गेले. बहिणा निपचित पडली. दिवसच्या दिवस शुद्ध नव्हती. घरच्यांनी आशा सोडली असेल. त्या अवस्थेत तिला आधी पांडुरंगाचे आणि मग तुकोबारायांचे स्वप्नदर्शन झाले. तिथी तिने दिली आहे, कार्तिक वद्य पंचमी. तुकोबारायांना तिने तोवर पाहिलेही नव्हते. कीर्तनात त्यांचे अभंग मात्र ऐकले होते, ते मनात घोळत होते. त्यांनी तिला धीर दिला, मस्तकी हात ठेवला आणि रामकृष्णहरी मंत्र दिला.

याला कोणी साक्षात्कार म्हणेल, कोणी मनाचा खेळ म्हणेल. आपण वारकरी आहोत, आपल्याला या वादात पडण्याचे कारण नाही. मला इतकेच दिसते की आपल्याला जोडणारे असे कोणी जगात आहे, हे त्या मुलीला कळले आणि ती उठून बसली. ते माणूस दूर देहूला होते, दुसऱ्या जातीचे होते, तिच्या घरच्यांच्या लेखी हलके होते. तरी तिने तेच आपले मानले. घरात जे मिळाले नाही ते तिने घराबाहेर शोधले. त्याबद्दल तिला अपराधी वाटलेले दिसत नाही.

घरच्यांना ते सोसले नाही. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्या-वाण्याला गुरू करावे! लोक तिला पाहायला येऊ लागले, रत्नाकरांचा संताप पुन्हा उसळला. ती गर्भार असताना तिला टाकून देऊन रानात निघून जाण्यापर्यंत मजल गेली. इथे बहिणाबाईंचे अभंग वाचवत नाहीत. स्त्रीचा जन्म, परक्याच्या सत्तेतला देह, शास्त्रांनी बाईला केलेली मनाई, यात परमार्थ करायचा कसा, असा तिचा सवाल आहे. आणि त्याच गाथेत नवऱ्याची सेवा हाच देव मानण्याचा निश्चयही आहे, पतिव्रताधर्माचे अभंगही आहेत. ते मी लपवीत नाही. पूर्वी मी फक्त तेवढेच सांगत होतो. आता नेमके तेवढेच गाळले तर तीही लबाडीच होईल. ज्या बाईला जायला दुसरी जागा नव्हती तिने राहायचे कसे ते स्वतःपुरते ठरवले. तिचा तो निश्चय उचलून, जिला जायला जागा आहे, भाऊ आहे, कायदा आहे, अशा बाईच्या गळ्यात घालण्याचा अधिकार आम्हा प्रवचनकारांना कोणी दिला?

मग आला तो ताप. रत्नाकर आजारी पडले, अन्न सुटले, जिवावरचे दुखणे झाले. आपण संतांची निंदा केली त्याचे हे फळ, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ते पालटले. पुढे तेच सगळ्या कुटुंबाला घेऊन देहूला गेले. रत्नाकरांच्या बाजूनेही एक शब्द लिहिला पाहिजे: चूक कळल्यावर ते वळले, आणि वळल्यावर मागे फिरले नाहीत. पण हा ताप सगळ्यांच्या नवऱ्यांना येत नाही. मी कीर्तनात सांगत असे की धीर धरा, पालटेल. एखादीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वाट पाहिली असेल का? पाहिली असेल तर तिचे काय झाले असेल? हे विचार रात्री येतात.

देहूला सगळे सुरळीत झाले असे समजू नये. तिथे मंबाजी होता. तुकोबारायांना काट्यांच्या फांदीने झोडपणारा तोच. शूद्राला गुरू करणारी ही ब्राह्मणाची बाई त्याच्या डोळ्यांत खुपली. त्याने या कुटुंबालाही छळले, वाळीत टाकण्याच्या धमक्या दिल्या. एकदा त्याने बहिणाबाईंच्या गाईला बांधून बेदम मारले, आणि त्या माराचे वळ तुकोबारायांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाईंनी लिहिले आहे. हा प्रसंग आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि पुढे जातो. मी आता तिथे थांबतो. कोल्हापुरात नवऱ्याने बांधून मारले तेव्हा बहिणाच्या अंगावरचे वळ तिचे एकटीचे होते. देहूत तिच्या दावणीच्या मुक्या जनावराला मारले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर उठले. बहिणाबाईंनी हा प्रसंग आवर्जून लिहिला, त्याचे कारण मला आता समजल्यासारखे वाटते.

मंबाजीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. काट्यांचा मार खाऊनही तुकोबाराय संध्याकाळी मंबाजीला कीर्तनाला बोलवायला गेले, त्याचे अंग चेपले, ही कथा आपल्याला प्रिय आहे. ती खरोखर थोर आहे. पण ती तुकोबारायांनी आपल्या मनाने केलेली क्षमा होती. कोणी त्यांना बसवून "आता मंबाजीचे पाय धर" असे सांगितले नव्हते. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला समजूत घालताना मी ही कथा सांगितल्याचे ऐकले आहे, एकदा तर मीच सांगितली आहे. ती लेक दोन दिवसांत परत सासरी गेली. त्याहून जास्त मला तिच्याविषयी ठाऊक नाही.

देहूला बहिणाबाईंना मुलगी झाली, काशीबाई. आणि त्याच सुमारास, सगळे मनासारखे झालेले असताना, गुरूच्या गावात असताना, नवरा पालटलेला असताना, त्यांच्या मनात देह टाकून देण्याचा विचार आला. हे वाचले तेव्हा मी गाथा मिटून ठेवली. आपल्याला वाटते की छळ थांबला की दुःख थांबते. घाव भरायला लागला की पहिल्यांदा दुखतो, हे जखम बांधणारी कुठलीही बाई सांगेल. बाळंतपणानंतर मन खचते, हेही जुन्या सुइणींना ठाऊक होते आणि आजचे डॉक्टर त्यावर उपचार करतात. बहिणाबाईंच्या बाबतीत नेमके काय होते हे आपण बोलू नये. एवढे दिसते की तुकोबारायांनी दर्शन देऊन त्यांना अडवले, पुढे मुलगा होईल असे सांगितले आणि अभंग रचण्याचा प्रसाद दिला. बहिणाबाईंची वाणी सुटली ती इथे. मरणाच्या काठावरून परतताना हाती आले ते लिहिणे.

पुढचे आयुष्य मोठे आहे, मी थोडक्यात सांगतो. मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. कुटुंब शिऊरला परतले, तिथे काही काळ त्यांनी मौन धरले. तुकोबारायांच्या वैकुंठगमनानंतर देहूला जाऊन अठरा दिवसांचे उपोषण केले. समर्थ रामदासांच्या सहवासात राहिल्या. जन्माने ब्राह्मण कोणाला म्हणावे याची झाडाझडती घेणारी वज्रसूची त्यांनी मराठीत उतरवली. ज्या घरात गुरूच्या जातीवरून मार खाल्ला, त्या घरातली बाई हा विषय हाती घेते, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्या संप्रदायाच्या इमारतीचे पायापासून कळसापर्यंत वर्णन करणारा, प्रत्येक वारकऱ्याला पाठ असलेला अभंग त्यांचाच मानला जातो. १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, शिऊरला त्यांनी देह ठेवला. शेवटच्या घटकेला मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या जन्मांची हकीकत सांगितली. शिऊरला त्यांची समाधी आहे.

दोनशे वर्षे हे अभंग पोथ्यांतून उतरवले गेले. १९१३ साली गाथा छापून निघाली, १९२९ साली जस्टिन ॲबट यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. उतरवून घेणाऱ्या कोणाच्याही मनात आले असते तर वेणी ओढल्याचा, बांधल्याचा मजकूर गाळता आला असता. घराण्याची अब्रू, पाठकांचे नाव, लोक काय म्हणतील, सगळी कारणे हजर होती. कोणी गाळला नाही. ज्या परंपरेने रत्नाकरांनाही मान दिला तिने त्यांनी केलेला मारही जसाच्या तसा जपला. अब्रूसाठी गप्प बसा, हे सांगणे आपल्या संप्रदायाच्या पोथीत तरी नाही.

आता आजचे. आपल्या देशाची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. तीत मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांना विचारले की तुम्ही कोणाकडे मदत मागितली का. शंभरांत चौदाजणींनी हो म्हटले. बाकीच्या कुठे आहेत? आपल्या दिंडीत आहेत, हंडा-तुळस घेऊन पुढे चालताहेत, रात्री राहुटीत झोपल्यावर एकमेकींना हळू आवाजात सांगताहेत. वारीतली ती रात्रीची कुजबुज म्हणजे कितीजणींचा वर्षातला एकमेव आधार असतो. घरचे डोळे नाहीत, सकाळी पुन्हा नामात चालायचे आहे, शेजारी तशीच एक भोगलेली माउली आहे. मी ती कुजबुज ऐकली नव्हती असे नाही. बायकांच्या गप्पा म्हणून कूस बदलली होती.

त्या वर्षीपासून मी कीर्तनात बहिणाबाईंचे चरित्र लावले की शेवटच्या गजराआधी काही गोष्टी साध्या भाषेत सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला. त्यात मारणेच नव्हे, टाकून बोलणे, पैशाची कोंडी करणे हेही येते. संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे बाईने स्वतः जावे असेही नाही, दुसरे कोणीही तिच्या वतीने कळवू शकते. सासरच्या राहत्या घरातून तिला हुसकावता येत नाही. १८१ हा बायकांसाठी मदतीचा नंबर आहे, जिवावर बेतले तर ११२, आणि मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६. तिथे फोनवर बोलायला माणूस असते, पैसे पडत नाहीत. सुरुवातीला काही विणेकरी, टाळकरी कुरकुरले. एका गावच्या पुढाऱ्याने, "महाराज, हरिकथेत फोन नंबर कशाला?" असे तोंडावर विचारले. मी म्हटले, जयरामस्वामींनी हरिकथा संपवून पाय उचलले होते. माझे गुडघे आता दुखतात, म्हणून नंबर सांगतो. लोक हसले. पुढारी हसले नाहीत. पुढच्या वर्षी त्या गावाने दुसरे महाराज बोलावले.

दोनदा मी खरोखर उठून गेलोही. एकदा उपयोग झाला, एकदा झाला नाही. नाही झाला तिथे माझ्या जाण्याने त्या बाईला आणखी त्रास झाला असावा, असे नंतर कळले. तेव्हापासून मी एकटा जात नाही आणि आधी त्या बाईला विचारल्याशिवाय जात नाही. जयरामस्वामींनी बहिणाला विचारले होते की नाही, गाथेत उल्लेख नाही. ती बांधलेली होती, विचारायला वेळ नव्हता.

नातेपुत्याची ती बाई पुढच्या वर्षी दिसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी वेळापूरच्या मुक्कामी भेटली. मीच तिला ओळखले. तिने नाही, किंवा तसे दाखवले नाही. उजव्या हातात तुळस होती. बहिणीकडे राहते, शिवणकाम करते, पोरगा दहावीला आहे, एवढे तिने मोजून सांगितले. मी म्हटले, "माउली, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं." आणि जयरामस्वामींचे सांगितले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आन् वासराचं? ते गेलं तवा तिनं काय केलं, ते तुमी लवकर उरकलं व्हतं मागल्या टायमाला. आज नीट सांगा."

त्या रात्री मी वासराचे सांगितले.